उंबर आणि उंबरमाशी: एका झाडाची आणि एका कीटकाची तुलना (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

आधी शब्दांचं. ‘उंबर’ हे झाडाचंही नाव आणि फळाचंही. खाली झाडाला ‘झाड’ आणि फळाला ‘उंबर’ म्हटलं आहे. ‘जाती’ आणि ‘प्रजाती’ हे शब्द मराठीत उलटसुलट वापरले जातात. इथे जाती म्हणजे एकच जीवप्रकार, आणि प्रजाती म्हणजे अशा जवळच्या जातींचा गट. वड, पिंपळ, अंजीर, उंबर या वेगवेगळ्या जाती, पण प्रजाती एकच: फायकस.

कीटकाची आणि झाडाची तुलना करून काय मिळणार?

कुठलाही कीटक आणि कुठलंही झाड समोरासमोर ठेवलं तर फार काही हाती लागत नाही. एक उडतो, एक उभं राहतं, इथेच गाडी थांबते. उंबराचं झाड आणि त्याची माशी यांची गोष्ट वेगळी आहे, कारण दोघांचं पुनरुत्पादन एकाच जागी, एकाच फुलात आणि एकाच महिन्या-दोन महिन्यांत होतं. त्या एका फुलातून झाडाला बी हवं असतं, माशीला पिल्लू. फूल एक आणि दावेदार दोन, म्हणून ही तुलना अर्थपूर्ण ठरते.

थोडक्यात फरक सांगा.

नाव: झाड फायकस रेसिमोसा (हे नाव दिलं कार्ल लिनियस यांनी, 1753). जुन्या पुस्तकांत फायकस ग्लोमेराटा हे नाव दिसतं, ते याच झाडाचं. माशी सेराटोसोलेन फ्युसिसेप्स (नाव दिलं गुस्ताव मायर यांनी, 1885).

कुल: झाड वटकुलातलं, म्हणजे मोरेसी. माशी अ‍ॅगाओनिडी कुलातली, गण हायमेनॉप्टेरा. मुंग्या, मधमाश्या आणि गांधीलमाश्या याच गणातल्या. नावात ‘माशी’ असली तरी घरमाशीशी तिचं नातं नाही. ती एक बारकी गांधीलमाशीच आहे, फक्त माणसाला डसत नाही.

आकार: झाड वीस-पंचवीस मीटर, माशीची मादी दोन मिलिमीटरच्या आसपास. झाड वीस मीटरचं धरलं तर उंचीत दहा हजार पटींचा फरक पडतो.

आयुष्य: झाडाचं अनेक दशकं. मादीचं बाहेरच्या जगातलं आयुष्य एक-दोन दिवस. तिचं बाकी सगळं आयुष्य, अंडं ते पूर्ण वाढ, उंबराच्या आत जातं.

लिंग: झाडावर नर आणि मादी फुलं एकाच उंबरात असतात. माशीत नर आणि मादी इतके वेगळे दिसतात की माहीत नसेल तर दोन वेगळे कीटक वाटावेत.

गुणसूत्रं: झाडाच्या पेशीत 26, म्हणजे 13 जोड्या. माशीत मादीला आई-बाप दोघांकडून संच मिळतो, नराला फक्त आईकडून. फलन न झालेल्या अंड्यातून नर होतो. थोडक्यात, नराला बाप नसतो, आजोबा मात्र असतात.

पिढी: माशीची एक पिढी सुमारे सहा आठवड्यांची धरली तर वर्षाला साडेआठ पिढ्या होतात. झाड शंभर वर्षं उभं राहिलं तर तेवढ्या काळात माशीच्या साडेआठशेच्या वर पिढ्या जातात.

उंबराला फूल येतच नाही, हे खरं का?

नाही. कधीच दृष्टीस न पडणाऱ्या माणसाला आपण ‘उंबराचं फूल’ म्हणतो ते बरोबर आहे, कारण फूल खरंच दिसत नाही. पण ते असतं, आणि एक नाही, एका उंबरात हजारो असतात. ज्याला आपण कच्चं फळ समजतो ती प्रत्यक्षात आतून पोकळ अशी मांसल पिशवी असते आणि फुलं तिच्या आतल्या भिंतीला चिकटलेली असतात. वनस्पतिशास्त्रात याला कुंभासनी फुलोरा म्हणतात. कुंभाच्या आत मांडलेली आसनं, नाव अगदी चपखल आहे. देठाच्या विरुद्ध टोकाला एक बारीक तोंड असतं आणि ते एकमेकांवर चढलेल्या खवल्यांनी बंद असतं.

ही उंबरं पानांच्या बगलेत न येता थेट खोडावर आणि जाड फांद्यांवर घोसांनी लगडतात. अभ्यासकांसाठी ही मोठी सोय आहे, शिडीशिवाय हात पोहोचतो.

उंबर वाढताना कोणत्या टप्प्यांतून जातं?

पाच टप्पे मानतात, इंग्रजी अक्षरांनी ए ते ई. मराठीत सोयीसाठी असं म्हणता येईल.

पहिला, कळी: आतली फुलं अजून तयार नाहीत, तोंड घट्ट बंद.

दुसरा, मादी टप्पा: मादी फुलं परागकण घ्यायला तयार होतात, तोंडाचे खवले किंचित सैल होतात आणि उंबर गंध सोडतं. माशीला आत शिरण्याची संधी एवढीच. माशी शिरली नाही तर उंबर काही दिवस वाट पाहतं आणि गळतं.

तिसरा, मधला टप्पा: सगळ्यात लांब. तोंड पुन्हा मिटतं, आत बिया आणि माशीची पिल्लं शेजारीशेजारी वाढतात. बाहेरून आठवडेच्या आठवडे काही घडताना दिसत नाही.

चौथा, नर टप्पा: माश्या बाहेर पडायला तयार, आणि नेमकी तेव्हाच नर फुलंही उमलतात. मादी फुलं आणि नर फुलं यांच्यात आठवड्यांचं अंतर असल्यामुळे उंबर स्वतःचेच परागकण स्वतःच्या फुलांना देऊ शकत नाही.

पाचवा, पिकणं: माश्या गेल्यावर उंबर मऊ, लाल आणि गोड होतं. मग पक्षी, वटवाघळं आणि माकडं बिया पसरवतात.

पूर्ण फेरा हवामानानुसार साधारण महिना ते दोन महिन्यांचा असतो. थंडीत तो लांबतो आणि लांबतो तो मुख्यतः मधला टप्पा.

माशी बंद तोंडातून आत शिरते कशी?

तिचं डोकं चपटं आणि पुढे निमुळतं असतं. जबड्यामागे दातेरी पट्टी असते, ती खवल्याला अडकवून ती इंचाइंचाने नव्हे, केसाकेसाने पुढे सरकते. या घसटीत पंख तुटून मागेच राहतात आणि शृंगिकांचे (डोक्यावरच्या मिशांचे) शेंडेही मोडतात. हे भिंगाने पाहण्यासारखं आहे: नुकत्याच शिरकाव झालेल्या उंबराचं तोंड बघितलं, तर खवल्यांच्या फटीत पारदर्शक पंखांचे तुकडे अडकलेले दिसतात, दारात चपला काढून ठेवल्यासारखे. पंख दिसले की समजायचं, पाहुणी आत आहे आणि परत येणार नाही.

आत गेल्यावर ती एकेका मादी फुलाच्या कुक्षीवृंतातून (पराग घेणारं टोक म्हणजे कुक्षी, तिच्याखालची दांडी म्हणजे कुक्षीवृंत) अंडनलिका, म्हणजे अंडी घालायची नळी, खाली घालते आणि बीजांडापाशी एक अंडं ठेवते. छातीखाली तिला दोन खिसे असतात. जन्मलेल्या उंबरातून भरून आणलेले परागकण ती पुढच्या पायांनी त्या खिशांतून काढते आणि फुलांच्या कुक्षींवर लावते. फुलपाखराच्या अंगाला पराग नकळत लागतात, तसं हे नाही. भरणं आणि रिकामं करणं, दोन्ही ठरवून केलेल्या हालचाली आहेत. काम संपलं की ती तिथेच मरते. एका उंबरात अशा अनेक माद्या शिरू शकतात.

मग बी कुठे होतं आणि माशीचं पिल्लू कुठे?

संपूर्ण विषयाची किल्ली इथे आहे. उंबरातली मादी फुलं सारखी नसतात. काहींचा देठ लांब आणि कुक्षीवृंत आखूड, त्यांचं अंडाशय, म्हणजे बी धरणारा भाग, पोकळीच्या जवळ असतं. काहींचा देठ आखूड आणि कुक्षीवृंत लांब, त्यांचं अंडाशय बाहेरच्या भिंतीला टेकलेलं असतं. सगळ्यांच्या कुक्षी मात्र एकाच पातळीवर येतात, सतरंजीसारख्या. माशी त्या सतरंजीवर चालत अंडी घालते. आखूड कुक्षीवृंतातून तिची अंडनलिका सहज पोहोचते, म्हणून आतल्या बाजूची फुलं माशीकडे जातात. बाहेरच्या भिंतीलगतच्या फुलांत बहुतेक बिया धरतात.

अंडं पडलेल्या फुलाचं अंडाशय फुगून त्याची गाठ होते आणि अळी त्या गाठीत वाढते. एका फुलातून एक बी किंवा एक माशी, दोन्ही कधीच नाही. म्हणजे झाड प्रत्येक उंबरामागे काही फुलं वाहतूकखर्च म्हणून मोजतं. हा खर्च फुकट जात नाही, कारण पुढचे परागकण वाहून नेणारी माशी त्याच गाठीतून निघते.

आतल्या फुलांपर्यंतच माशी का थांबते, यावर अभ्यासकांत बराच वाद झाला आहे. कुक्षीवृंताची लांबी हे एक कारण दिलं जातं. दुसरं असं की भिंतीलगतच्या गाठींवर बाहेरून परजीवींचा हल्ला सोपा असतो, त्यामुळे तिथे घातलेली अंडी तोट्याची ठरतात. दोन्ही एकाच वेळी खरं असायला हरकत नाही.

नर माश्या कधी दिसत नाहीत, असं का?

कारण त्या बाहेर राहायला बनलेल्याच नाहीत. नर फिकट पिवळसर, बिनपंखांचा, डोळे नावापुरते, आणि जबडे मात्र भक्कम. तो मादीच्या आधी गाठीतून बाहेर येतो, मादी असलेली गाठ शोधून तिला भोक पाडतो आणि ती आत असतानाच मीलन करतो. मग सगळे नर मिळून उंबराच्या भिंतीतून बोगदा कोरतात. काही नर बोगद्यातून बाहेर पडून मुंग्यांच्या तोंडी जातात, बाकीचे आतच मरतात.

मादी त्याच भोकातून गाठीबाहेर येते, तोंडाजवळच्या नर फुलांतून परागकण खिशांत भरते आणि नरांनी कोरलेल्या बोगद्यातून निघून जाते. नर कमी पडले तर बोगदा पूर्ण होत नाही आणि सगळ्या माद्या पंखांसकट आतच संपतात. असं उंबर कापलं की आत काळसर माश्यांचा दाट गोळा निघतो.

नर संख्येनेही कमीच असतात. एकाच मादीची पिल्लं असलेल्या उंबरात भाऊच भावांशी स्पर्धा करणार, तेव्हा जास्त मुलगे घालणं आईला परवडत नाही. उत्क्रांतीचे अभ्यासक विल्यम हॅमिल्टन यांनी 1967 मध्ये हा हिशेब मांडला. पुढे उंबरवर्गातल्या माश्यांवर तो अनेकदा तपासला गेला आणि नियमाचा ढाचा टिकला: आत शिरलेल्या माद्या जितक्या जास्त, तितकं नरांचं प्रमाण वाढतं.

एक-दोन दिवसांत माशी दुसरं झाड शोधते कशी?

एका झाडावरची उंबरं बहुधा एकाच टप्प्यात असतात, त्यामुळे ज्या झाडावर मादी जन्मली तिथे तिला घेणारं उंबर सहसा नसतं. पण झाडाझाडांची वेळ वेगवेगळी असते. परिसरात पुरेशी झाडं असतील तर एखादं तरी नेमकं दुसऱ्या टप्प्यात असतं आणि गंध सोडत असतं.

माशी वाऱ्यावर स्वार होऊन जाते. जोराच्या वाऱ्याविरुद्ध उडणं तिला जमत नाही. गंध जाणवला की ती हवेचा जोर कमी असलेल्या थरात उतरते आणि शेवटचं अंतर स्वतः कापते. उंबराच्या आफ्रिकेतल्या जवळच्या नातलगावर, फायकस सायकोमोरसवर, नामिबियात झालेलं काम 2009 मध्ये प्रसिद्ध झालं. तिथे परागकण सरासरी नव्वद किलोमीटरच्या आसपास आणि काही वेळा 160 किलोमीटरपर्यंत गेल्याचं वंशचाचणीवरून दिसलं. दोन मिलिमीटरच्या प्राण्यासाठी हा आकडा अचाट आहे. अर्थात हे पोहोचलेल्यांचं अंतर. बहुसंख्य माश्या कुठेच पोहोचत नाहीत.

दोघांपैकी कोण कोणावर जास्त अवलंबून?

‘एकमेकांवर पूर्णपणे’ हे उत्तर पाठ्यपुस्तकात चालून जातं. वेळेच्या मापाने पाहिलं तर जोडी विषम आहे. माश्या आल्या नाहीत तर झाडाचा एक बहर गळतो आणि पुढचा येतो. पाच बहर वाया गेले तरी झाड जागेवर असतं. माशीच्या बाबतीत परिसरातल्या सगळ्या झाडांवर काही दिवस एकही उंबर दुसऱ्या टप्प्यात नसेल, तर तिथली तिची वस्तीच संपते. पुन्हा यायची ती लांबून वाऱ्यावर येणार.

म्हणून माशी टिकवायची असेल तर एक भव्य झाड जपून भागत नाही. वेगवेगळ्या वेळी बहरणारी बरीच झाडं लागतात. एकटं झाड माशीला टिकवू शकत नाही, फार तर अधूनमधून पाहुणचार करू शकतं.

माशीने पराग न आणता नुसतीच अंडी घातली तर?

झाडाकडे वसुलीचा मार्ग असतो. पराग न मिळालेली उंबरं झाड लवकर गाळून टाकतं, आणि उंबर गळालं की आतली पिल्लं मरतात. पनामात फायकसच्या अनेक जातींवर केलेल्या प्रयोगांत (प्रसिद्धी 2010) परागकण न आणणाऱ्या माश्यांची पिल्लं कमी जगली. ज्या जातींत माशी ठरवून पराग लावते, तिथे हा दंड दिसला. ज्यांत पराग नुसते अंगाला लागून येतात, तिथे तो दिसला नाही. जिथे फसवणं शक्य आहे तिथेच पहारा आहे.

तरीही फसवणारे आहेतच. फायकस सायकोमोरसवर सेराटोसोलेन अरेबिकस ही प्रामाणिक माशी येते आणि तिचीच चुलत बहीण सेराटोसोलेन गॅलिली ही परागीभवन न करता अंडी घालून जाते.

उंबर फोडल्यावर उडणारी सगळी चिलटं हीच माशी का?

नाही. उंबरातल्या या चिलटांना जुन्या मराठीत केंबरं म्हणत, पण त्या एका शब्दात अनेक जाती येतात. परागवाहक एकच, बाकी सायकोफागा आणि अपोक्रिप्टा या प्रजातींतल्या माश्या. त्या आत शिरतच नाहीत. उंबराच्या बाहेर बसून लांब सुईसारखी अंडनलिका भिंतीतून आरपार खुपसतात. काही स्वतःची गाठ तयार करतात, काहींची अळी आधीच असलेल्या गाठीतल्या अळीच्या जिवावर वाढते.

ओळख सोपी आहे. मादीच्या पोटामागे शरीराहून लांब केसासारखी शेपटी दिसली, तर ती बाहेरून टोचणारी. शेपटी जवळजवळ दिसतच नसेल, अंग काळसर आणि डोकं चपटं असेल, तर परागवाहक. उंबरांवर मुंग्यांची वर्दळ असेल तर या बाहेरच्या माश्यांना टोचत बसायला निवांतपणा मिळत नाही. तांबड्या विणकर मुंग्या त्यांना उचलूनच नेतात. मुंग्यांची ही राखण परागवाहक माशीच्या पथ्यावर पडते, कारण ती पटकन आत निघून जाते. बाहेर पडताना मात्र तिलाही तोच पहारा ओलांडावा लागतो.

उंबर उघडून टप्पा ओळखायचा कसा?

साहित्य: धारदार पातं, पांढरी बशी, दहा पट मोठं दाखवणारं भिंग, ओलं फडकं, टाचणी.

1. एकाच घोसातली तीन उंबरं घ्या. एकावरून निष्कर्ष काढू नका, कारण किडकं किंवा खुरटलेलं एखादं नेहमी निघतं.
2. तोंड आधी भिंगाखाली पाहा. पंखांचे तुकडे दिसले तर लिहून ठेवा, कापताना ते हरवतात.
3. तोंडापासून देठापर्यंत उभं, एकाच झटक्यात कापा. आडवं कापलं तर तोंडातला मार्ग आणि नर फुलं दिसत नाहीत.
4. पांढरा चीक लगेच ओल्या फडक्याने टिपा. तो वाळला की फुलं एकमेकांना चिकटतात आणि काही सुटं दिसत नाही. चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका आणि काम झाल्यावर हात धुवा.
5. आत पाहा. फुलं बारीक, ओलसर, पोकळी रिकामी आणि तोंडात पंख नाहीत: कळी किंवा मादी टप्पा. पोकळीत एक-दोन मेलेल्या बिनपंखी काळ्या माद्या: नुकताच शिरकाव झाला. फुगलेल्या गाठी, टाचणीने फोडल्यावर आत पांढरी अळी किंवा कोष: मधला टप्पा. गाठींना गोल भोकं, पिवळसर नर फिरताहेत: नर टप्पा.

बी आणि गाठ यांत गोंधळ होतो. शंका असेल तर वाटीभर पाण्यात टाका. भरलेली बी बुडते, रिकामी गाठ तरंगते. गाठीला नीट कोरलेलं गोल भोक असतं, बीला नसतं.

सगळी फुलं मोजायची गरज नाही. उंबराच्या उभ्या आठ फोडी करा, एका फोडीतल्या बिया आणि गाठी मोजा, आठने गुणा. फोडी सारख्या झाल्या नसतील तर दोन फोडी मोजून चारने गुणणं जास्त भरवशाचं.

जिवंत माश्या पाहायच्या असतील तर?

नर टप्प्याच्या उंबरठ्यावरची उंबरं तोडा: पूर्ण आकाराची, दाबल्यास जरा नरम, अजून भोक न पडलेली. नमुना म्हणून त्यातलं एक कापून आत नर दिसतात का ते बघा. दिसले तर त्याच घोसातली बाकीची उंबरं बरोबर वेळेची आहेत. रुंद तोंडाच्या बरणीत तळाला कोरडा टिपकागद घाला, त्यावर तीन-चार उंबरं ठेवा आणि तोंडाला मलमल बांधा. बरणी सावलीत ठेवा. बहुतेक वेळा एका दिवसात माश्या बाहेर येतात.

बिघडतं ते इथे. झाकण घट्ट लावलं की आत दव जमतं आणि माश्या थेंबांना चिकटून मरतात. मच्छरदाणीचं कापड वापरलं तर त्या जाळीतून निघून जातात. उन्हात बरणी ठेवली तर तासाभरात सगळं संपतं. सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे मधल्या टप्प्यातली उंबरं तोडणं. ती बरणीत पिकत नाहीत, सुरकुततात, बुरशी येते आणि माशी येत नाही. आतली अळी झाडाच्या रसावर वाढते, देठ तुटला की तिचं अन्न तुटलं.

कापलेल्या उंबरातून माश्या नीट निघतील ही अपेक्षाही ठेवू नका. बंद उंबरातली हवा बाहेरच्यापेक्षा फार वेगळी असते, कार्बन डायऑक्साइड कितीतरी पट जास्त. नर त्या हवेत काम करतात. ती आधीच निसटली तर पुढचा क्रम विस्कटतो.

नमुने जपायचे असतील तर 70 टक्के अल्कोहोल वापरा आणि चिठ्ठी पेन्सिलने लिहून कुपीच्या आत टाका. शाई विरघळते, बाहेरची चिठ्ठी सुटते.

झाडाला दरवेळी उंबरं लागतात, पण हिरवीच गळतात. काय चुकतंय?

गळलेली दहा-बारा उंबरं गोळा करून कापा, उत्तर आतच असतं.

आत मेलेली मादी नाही, गाठी नाहीत, फुलं तपकिरी पडलीत: माशी आलीच नाही. झाड एकटं असेल किंवा जवळच्या झाडांच्या वेळा जुळत नसतील. खत-पाणी वाढवून याला उपाय नाही.

मादी आहे, पण बिया नाहीत आणि गाठी सुकलेल्या: माशी शिरली, पराग पुरले नाहीत.

गाठी मोठ्या आणि थोड्याच, पोकळी भरलेली, मेलेली मादी नाही: बाहेरून टोचणाऱ्या माश्यांचं काम.

आत पांढऱ्या वळवळत्या मोठ्या अळ्या आणि कुजलेला गर: पतंगाच्या, भुंग्याच्या किंवा फळमाशीच्या अळ्या, उंबरमाशीशी संबंध नाही.

नवीन झाडाचे पहिले काही बहर गळाले तर चिंता नको.

किडे घालवायला झाडावर फवारणी करावी का?

नको. कीटकनाशक दुसऱ्या टप्प्यात पडलं तर परागवाहक मरते आणि सगळा बहर गळतो. नंतर पडलं तर ते बंद उंबराच्या आत पोहोचतच नाही. दोन्हीकडून तोटा.

बियांपासून रोप करता येतं का?

येतं, बी भरलेलं असेल तर. पूर्ण पिकलेलं, भोक पडलेलं उंबर पाण्यात कुस्करा. तरंगणाऱ्या गाठी, माश्या आणि साल ओतून टाका, तळाशी बसलेलं बी बारीक कापडातून गाळा आणि दिवसभर सावलीत सुकवा. बी फार बारीक असतं, म्हणून मातीत पुरू नका, भिजवलेल्या बारीक मिश्रणावर नुसतं पसरा. उजेड हवा, थेट ऊन नको. पाणी वरून न घालता कुंडी पाण्याच्या ताटलीत ठेवून खालून द्या, नाहीतर बी वाहून एका कोपऱ्यात जमतं. उगवायला साधारण पंधरा दिवस ते महिना लागतो. पहिली दोन पानं टाचणीच्या डोक्याएवढी असतात आणि या वयात रोपं जास्त ओलीने कुजून आडवी पडतात. चार-पाच पानं झाली की वेगळी करा.

अंजिरातही मेलेल्या माश्या असतात का?

अंजिराच्या वाणावर अवलंबून आहे. लागवडीतल्या बऱ्याच अंजिरांना परागीभवनाशिवाय फळ धरतं, त्यात माशीचा प्रश्नच येत नाही. स्मर्ना प्रकारच्या अंजिराला मात्र ब्लास्टोफागा सेनेस ही माशी लागते. कॅलिफोर्नियात 1880 च्या दशकात स्मर्नाची झाडं नेली गेली, ती वाढली आणि फळं गळत राहिली. 1899 मध्ये माशी तिथे रुजवल्यावर फळ टिकू लागलं. झाड नेलं पण जोडीदार नेला नाही, याचं याहून स्वच्छ उदाहरण नाही.

अंजिरात नर-कार्याची आणि बी धरणारी झाडं वेगवेगळी असतात. बी धरणाऱ्या फळात माशी शिरते, पराग देते, पण तिला अंडी घालता येत नाहीत, कारण तिथल्या सगळ्या फुलांचे कुक्षीवृंत लांब. ती तिथे मरते आणि तिचे अवशेष फळात विरतात. उंबरात तसं नाही, तिथे प्रत्येक पिकलेल्या फळात गाठी आणि मेलेले नर असणारच.

एका झाडाला एकच माशी, हा नियम पक्का आहे का?

ढोबळ नियम म्हणून ठीक. फायकसच्या साडेसातशेच्या वर जाती आहेत आणि बहुतेकांची परागवाहक ठरलेली असते. पण बारकाईने पाहिलं की एकाच नावाखाली दिसायला सारख्या, आनुवंशिकदृष्ट्या वेगळ्या जाती निघतात. उंबराचा पसारा भारत-श्रीलंकेपासून आग्नेय आशियातून उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंत आहे, आणि सगळीकडची माशी एकच नाही.

ही जोडी किती जुनी?

फायकस आणि त्याच्या माश्या यांचं नातं जनुकीय अंदाजांनुसार सहा ते आठ कोटी वर्षांचं. इंग्लंडजवळच्या आइल ऑफ वाइट बेटावर सापडलेली सुमारे 3.4 कोटी वर्षांपूर्वीची एक माशी आजच्या माशीइतकीच ओळखीची दिसते, पराग-खिशांसकट.

उष्णता वाढली तर आधी फटका कोणाला?

माशीला. सिंगापूरमधल्या चार जातींवर झालेल्या अभ्यासात (2013) काही अंश तापमान वाढवलं तरी मादीचं आयुष्य ठळकपणे घटलं. एक दिवसाचं आयुष्य अर्धा दिवस झालं, की ती पोहोचू शकेल असं अंतरही घटतं. झाडाला त्याच उन्हाने काही होत नाही, निदान तेव्हा तरी. परिणाम दिसतो तो दोन आठवड्यांनी, झाडाखाली पडलेल्या हिरव्या उंबरांत. अशी उंबरं दिसली तर गळतीची तारीख आणि त्याआधीच्या पंधरवड्यातलं कमाल तापमान शेजारीशेजारी लिहीत चला. तीन-चार बहरांची नोंद झाली की त्या झाडापुरतं उत्तर वहीतच मिळतं.